चादरीचं दुसरं टोक

ता. १४, शुक्रवार
सकाळ, भोपळी अजून झोपलीय

मावशी,

नमस्कार. हे पत्र जो कोणी तुला वाचून दाखवतोय त्यालाही नमस्कार. त्याला म्हणावं, जरा मोठ्यानं वाच, पण इतकंही नको की अख्ख्या जिन्याला कळेल.

मला रात्रभर झोप लागलेली नाही. भोपळी रडली नाही, तिला ताप नाही, घरात भांडण नाही. दादा सोमवारपासून एकट्याच्या खुर्चीत बसून नवी उंच इमारत रंगवणार आहे हे मला काल कळलं, म्हणून झोप नाही. तू म्हणशील, त्यात नवीन काय, तो इतकी वर्षं दोरावरच लटकतोय. ते खरं. पण या वेळी तो पडेल अशी मला भीती वाटतेय. का, ते सांगायचं तर माझ्यापासून सुरू करावं लागेल, आणि माझंच मी तुला काही सांगितलेलं नाही. तेव्हा बस निवांत. चष्मा लावू नकोस, तुला कुठे वाचायचंय.

आधी खुशाली. हे बरे आहेत, गोदामात माल उचलायची गाडी चालवतात, आता गाडी मागे घेताना घरातही तोंडानं पीं पीं करतात, भोपळी हसते म्हणून. सासूबाईंचा गुडघा तसाच. भोपळीला वरचे दात आलेत आणि ती सगळ्यांना चावते, सासूबाईंना जरा जास्त. मी पुन्हा कामावर जाते. इस्पितळाची लाँड्री आहे, घरापासून चालत जाता येतं. दिवसभर भोपळी सासूबाईंकडे.

काम तुला समजावून सांगते, कारण पुढचं सगळं त्यातच आहे. इस्पितळाच्या चादरी धुऊन, पिळून, मोठ्या गरम रोलरमधून बाहेर येतात. मग दोघी समोरासमोर उभ्या राहतात. एकीनं दोन टोकं धरायची, दुसरीनं दोन. ताणायची, एक झटका द्यायचा, अर्धी दुमडायची, मग चालत एकमेकींकडे यायचं, आपली टोकं तिच्या हातात द्यायची, वाकून खालची कड उचलायची आणि पुन्हा मागे. नाचच असतो तो. एकटीनं होत नाही. एकटीनं केलं तर चादर जमिनीला लागते आणि परत धुवायला जाते, आणि धुणारे मग आपल्या नावानं बोंबलतात.

माझ्या जोडीला आहे शिट्टी. तिचा पुढचा दात पडलाय, त्यामुळे ‘स’ म्हटला की शिट्टी वाजते. ‘सुपरवायझरसाहेब’ म्हणाली की सगळ्या बायका फसकन हसतात, आणि ती मुद्दाम दिवसभर त्यालाच हाका मारत सुटते. तिला नातवंडं आहेत. चादर अशी झटकते की जणू कुणाच्या थोबाडीत मारली. मी नवी होते तेव्हा माझ्याकडून घडी वाकडी व्हायची, तर म्हणायची, ‘अगं, माणूस झोपणार आहे हिच्यावर, आजारी माणूस. त्याला निदान चादर तरी सरळ मिळू दे.’ मला ती फार आवडते मावशी. तुझ्यासारखीच आहे, फक्त तिला ऐकू येतं.

तर एक दिवस चादर ताणलेली असताना ती म्हणाली, ‘तुझ्याकडून वारा येतोय का गं?’

‘खिडक्या बंद आहेत की.’

‘मग चादर का फडफडतेय तुझ्या बाजूनं?’

मी खाली बघितलं तर माझे हात. थरथरत होते. मला पत्ताच नाही. तिला चादरीच्या दुसऱ्या टोकाला आधी कळलं, मला नंतर. आणि बघितल्याबरोबर बाकीचंही सुरू झालं. छाती धडधड धडधड, बोटांना मुंग्या, घशात काहीतरी अडकल्यासारखं, हातपाय गार, श्वास घेतेय तरी पुरत नाही.

आणि मी घाबरलेली नव्हते गं. शपथ. तेव्हा माझ्या डोक्यात काय चाललं होतं सांगू? जाताना साबण घ्यायचाय. बस. एवढंच. लोक घाबरले की म्हणतात ना, पोटात गोळा आला, तोंडचं पाणी पळालं, हातपाय गळाले. माझं ते सगळं झालं, फक्त घाबरायचं तेवढं राहून गेलं.

मग ते येतच राहिलं. भांडी घासताना, वेणी घालताना, एकदा तर मी जोरात हसत होते तेव्हा. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, ‘थांब, नाडी बघतो.’ बराच वेळ मनगट दाबून बसले आणि घाबरून म्हणाले, ‘अगं, फारच जोरात पळतेय!’ मग लक्षात आलं की ते स्वतःच्याच मनगटावर बोट ठेवून बसलेत. तर असा आमचा घरचा डॉक्टर.

हसू नकोस, पुढचं ऐक. भोपळी हातात असताना एकदा जिन्यात आलं. वरून तिसऱ्या पायरीवर. बोटं माझी राहिलीच नाहीत. मी तिथेच बसले आणि तिला मांडीत घेऊन एकेक पायरी बसूनच खाली आले, लहान मुलं येतात तशी. खालची बाई म्हणाली, ‘काय गं, पाय मुरगळला?’ मी म्हटलं हो. त्यानंतर मी भोपळीला घेऊन जिना उतरलेच नाही. सासूबाईंना सांगते, तुम्ही घ्या, माझ्या हातात पिशवी आहे. पिशवी नसली तर पिशवी घेते. सासूबाईंचा गुडघा असा, आणि मी त्यांच्या कडेवर मूल देते. त्यांना वाटतं सुनेला कंटाळा येतो. वाटू दे म्हटलं. हातून पोर पडेल असं वाटतंय हे कसं सांगायचं? उद्या मूलच माझ्याकडे देणार नाहीत.

मला वाटलं हे आईचं आलंय. तू कधी फार बोलली नाहीस, मीही विचारलं नाही. मला एवढंच माहीत, छातीत दुखलं आणि गेली. मनात धरलं की आता माझी पाळी, आणि जमेल तितके दिवस आणखी कुणाला कळू द्यायचं नाही.

तर मी काय केलं, सुपरवायझरला सांगून अभ्र्यांवर बदली मागितली. उशीचे अभ्रे एकटीनंच घडी करायचे असतात, कोपऱ्यात टेबल आहे, भिंतीकडे तोंड. हात थरथरले तरी बघायला कुणी नाही, आणि पलीकडे टोक धरून कळायलाही कुणी नाही. तो म्हणाला, अभ्र्यांवर म्हाताऱ्या बायका बसतात. मी म्हटलं, मला आवडतात अभ्रे. काय पण आवड.

शिट्टीला दुसरी जोडीदारीण दिली. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग सुट्टी झाल्यावर माझ्या टेबलाजवळ आली, मळक्या कपड्यांच्या ट्रॉलीवर चढून बसली, पाय हलवत, आणि म्हणाली, ‘माझं काही चुकलं का गं?’

मावशी, इतकी मोठी बाई, आणि तोंड असं केलं होतं की जणू कुणी खेळायला घेतलं नाही. मी म्हटलं नाही हो, तुमचं कसलं चुकतंय. तर तिनं माझे दोन्ही हात धरले आणि धरूनच बसली. हात थरथरायला लागले. मी सोडवून घ्यायला लागले तर ती सोडेना.

‘हेच ना?’ म्हणाली. ‘हेच लपवायला बसलीस होय भिंतीकडे तोंड करून? मला वाटलं माझ्या तोंडाला वास येतो.’

दुसऱ्या दिवशी तिनंच मला वरती डॉक्टरकडे नेलं. आम्ही त्याच इस्पितळाच्या चादरी धुतो, पण आत कधी गेलो नव्हतो. खिडकीवरचा माणूस म्हणाला, आज नंबर संपले. शिट्टी म्हणाली, ‘साहेब, संपले असतील तर उद्यापासून चादरीही संपल्या समजा.’ त्या एका वाक्यात तिची शिट्टी इतक्यांदा वाजली की रांगेतली माणसं वळून बघायला लागली. नंबर मिळाला.

डॉक्टरीण माझ्याच वयाची. मी म्हटलं, माझी आई हृदयानं गेली, मलाही तेच आहे, किती दिवस आहेत ते सांगा, मुलगी लहान आहे. तिनं हसून नाही उडवलं. रक्त घेतलं, छातीला चिकटवून ती पट्टी काढतात ती काढली, परत बोलावलं, सगळं बघितलं. मग आपल्या कानातल्या नळ्या काढून माझ्या कानात घातल्या. म्हणाली, ‘ऐका. हे तुमचं. चांगलं दणकट आहे.’ मी पहिल्यांदा माझं काळीज ऐकलं. पाण्यात कुणी चालतंय असं वाटतं.

‘मग होतं काय मला?’

‘शरीर घाबरतंय तुमचं.’

‘पण मी घाबरलेली नाहीये ना!’

‘तुम्ही नसाल. शरीर कधी कधी आपलं आपण घाबरतं, आपल्याला न विचारता. बाळ झाल्यावर, झोप कमी पडली की, आतलं जुनं काही हललं की. तुमच्या मनाला नंतर कळतं, कधी कळतही नाही.’

मी म्हटलं, ‘वा, म्हणजे भाडेकरू पळाला आणि घरमालकाला पत्ता नाही.’ शिट्टी खी खी करायला लागली. डॉक्टरीणही हसली. मग लिहिता लिहिता सहज विचारलं, ‘आई गेली तेव्हा तुम्ही केवढ्या होता?’

मी म्हटलं, ‘भोपळीएवढी.’

डॉक्टरीण लिहायची थांबली. शिट्टीनं माझ्या पाठीवर हात ठेवला, तो तिथेच राहिला. मी आपली छताकडे बघत होते, पंखा केवढा मळलाय म्हणून.

गोळी दिलीय, दर आठवड्याला येऊन बोलायला सांगितलंय, झोपायला सांगितलंय, ते कालपर्यंत जमत होतं. पण खरं औषध शिट्टीनं दिलं. मला अभ्र्यांवरून परत ओढलं, समोर उभं केलं आणि म्हणाली, ‘हे बघ, आलं की लपवायचं नाही. मला सांगायचं, आलं. एवढंच. मी टोक घट्ट धरते, तूही घट्ट ओढ. चादर ताणलेली असली की हात थरथरला तरी घडी सरळ पडते.’

आणि पडते मावशी. मी म्हणते ‘आलं’. ती म्हणते ‘येऊ दे, घडी घाल’. आम्ही घडी घालतो. ते येतं, थोडं थांबतं, जातं. कधी चार चादरी लागतात, कधी ट्रॉली भरते. तिला स्वतःला झालं होतं म्हणे, धाकट्याच्या वेळी. म्हणते, ‘मला वाटायचं मी घड्याळ गिळलंय.’ तेव्हा कुणाला सांगितलं नाही, कारण विचारलंच नाही कुणी. म्हणून आता ती विचारते. अशी बाई आहे ती. मी तिच्यावरून जीव ओवाळून टाकावा, पण ती म्हणेल आधी चादरी संपव.

सासूबाईंनाही सांगितलं मग. त्या एवढंच म्हणाल्या, ‘म्हणजे कंटाळा नव्हता तर.’ आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात माझ्या पुढे उतरायला लागल्या, एकेक पायरी, गुडघा धरून, पाठ माझ्याकडे. मी भोपळीला घेऊन मागे. पडलोच तर त्यांच्या अंगावर पडू, एवढी त्यांची योजना. त्या चिडक्या पाठीकडे बघत बघत मी तळापर्यंत आले. उभी राहून.

आता दादा.

भोपळी झाल्यावर दादा आला होता तिला बघायला, तुला सांगितलं होतं मी. हे नव्हतं सांगितलं की तो दहा मिनिटंही थांबला नाही. येताना पायऱ्या दोन दोन करून वर आला, दारातून ओरडला, ‘शेपटाला शेपूट झालं!’ मी त्याच्या मागे मागे फिरायचे म्हणून तो मला अजून शेपूटच म्हणतो. हात धुतले, घासून घासून, नखातला रंग निघेना म्हणून माझ्यावरच चिडला. मग बसून भोपळीला मांडीवर घेतलं. चांगलं बघत होता. हसत होता. आणि एकदम तिला माझ्याकडे देऊन म्हणाला, ‘घे गं, ओलं केलं हिनं.’ उठला, शर्टाला हात पुसले, काम आहे म्हणाला आणि गेला. त्यानंतर आला नाही. फोन केला तर ‘सगळं मजेत’ आणि ठेवला.

मावशी, भोपळीचं दुपटं कोरडं होतं. मी तेव्हा बघितलं होतं. वाटलं, पुरुषमाणूस, लहान मुलाची किळस येते, बहाणा केला. मनात राग धरला. मामा आहे आणि एवढंही नाही?

ओले त्याचे हात होते, घामानं.

हे मला काल कळलं. काल दुपारी लाँड्रीच्या फाटकाशी बुटका आला होता. बुटका म्हणजे दादाचा जोडीदार. तू त्याला पाहिलंयस, दादाच्या खांद्याला लागतो. ते दोघं झुल्यावर काम करतात, झुला म्हणजे दोन दोरांना टांगलेली लांब फळी, एका टोकाला दादा, दुसऱ्याला बुटका. खाली सोडायचा तर दोघांनी एकदम सोडायचा, नाहीतर फळी तिरपी. बुटका फाटकाशी उभा, टोपी हातात, आणि म्हणतो, ‘ताई, विचारू का नको असं चाललंय. तुमच्या भावानं झुला सोडला. ठेकेदाराकडून एकट्याची खुर्ची मागून घेतली. सोमवारी नव्या टॉवरवर एकटाच जाणार. माझं काही चुकलं का?’

माझं काही चुकलं का. शिट्टीचेच शब्द गं.

मी विचारलं, ‘फळी हलायची का?’

तो म्हणाला, ‘तुम्हाला कसं कळलं? हल्ली त्याच्या बाजूनं थरथरायची. मला वाटलं वारा.’

मग त्यानं बाकीचं सांगितलं. दादा हल्ली दर थोड्या वेळानं तळवे पुसतो. मधेच रंगाचा ब्रश ठेवून भिंतीला कपाळ टेकून उभा राहतो. विचारलं तर म्हणतो ऊन. एकदा ढग असतानाही म्हणाला ऊन.

खुर्ची म्हणजे काय ते तुला ठाऊक नसेल. एका दोरावर टांगलेली पाटीएवढी फळी, त्यावर एक माणूस, पाय लोंबकळत. शेजारी कुणी नाही. हात थरथरले तरी बघायला कुणी नाही. दादानं तीच मागून घेतली. त्याचे अभ्रे आहेत ते मावशी. फक्त माझ्या अभ्र्यांखाली जमीन होती.

दुसरं कुणी असतं तर मी म्हटलं असतं, जास्त पैसे मिळत असतील. पण दादाला मी ओळखते. त्याला एकटं काम करायला आवडतच नाही. मी शाळेत होते आणि तो नुकता कामाला लागला होता, तेव्हा मला हात धरून न्यायचा आणि दाखवायचा, ‘ती बघ, वरून पाचव्या मजल्याची खिडकी. तिथल्या आजोबांनी मला आतून पाणी दिलं. मी बाहेरून, ते आतून, आम्ही चांगल्या गप्पा मारल्या.’ प्रत्येक इमारतीत त्याची एक तरी अशी ओळख. वरून ओरडायचा, ‘काकू, कपडे आत घ्या, नाहीतर निळे होतील!’ एक थेंब खाली पडू दिला नाही कधी. खिडकीची कड पट्टी न लावता सरळ मारतो, हवेत लटकत. मी आपली जमिनीवर उभी राहून सरळ घडी घालते तर सगळ्यांना सांगत सुटते. मला वाटायचं भीती ही गोष्ट देव दादाला द्यायलाच विसरला. आता वाटतं, असे हात घेऊन तो रोज वर गेला, आणि तरीही कुठे थेंब पडला नाही, कड वाकडी झाली नाही. केवढा माणूस आहे गं तो. पण मला आता तो मोठा नकोय. मला तो खाली हवाय.

आणि तूच सांगतेस ना, आईला घेऊन गेले तेव्हा मी दादाच्या कडेवर होते. कुणाकडे देईना म्हणे मला. तू घ्यायला गेलीस तर तुलाही चावला. किती लहान होता तो तेव्हा, स्वतःच कुणाच्या तरी कडेवर असायचा. तान्ह्या पोराचं वजन त्याच्या हातांवर पुन्हा कधी पडलं नव्हतं. आमच्याकडे आला त्या दिवशीच पडलं. मला जास्त काही कळत नाही. डॉक्टरीण म्हणाली, आतलं जुनं काही हलतं. मला वाटतं त्याचे हात विसरले नव्हते.

पण हे मी ठरवणारी कोण. मला जे आहे तेच त्याला असेल असं नाही. खरंच हृदयाचं असेल तर? त्यालाही वाटत असणार की आईचं आलंय, आणि वाटतंय म्हणूनच तो दाखवणार नाही, मी नाही दाखवलं तसं. त्याला झोपवून छातीची ती पट्टी काढायला हवी. चांगलं निघालं तर त्याला ते स्वतःच्या कानानं ऐकू दे. वाईट निघालं तर निदान जमिनीवर असेल.

तू म्हणशील, मग भवाने, फोन करून सांग ना त्याला. केला. काल संध्याकाळपासून किती वेळा केला. तो उचलतो, ‘बोल शेपटा’ म्हणतो, आणि मला शब्द फुटत नाही. शिट्टीसमोर ‘आलं’ म्हणता येतं, कारण ती समोर असते, टोक धरून. फोनला टोक नाही. तो हॅलो हॅलो करतो, म्हणतो रेंज नाही, ठेवतो. मग ह्यांनी केला. त्यांनी आपल्या परीनं सगळं सांगितलं, आणि दादा हसला. म्हणाला, ‘भावजी, तुम्ही गोदामात बसून माझी कसली काळजी करता, मी एकदम मजेत.’ भावजींपुढे तो मेला तरी कबूल करायचा नाही. बुटक्याचं तर तो आता ऐकूनच घेत नाही. मी समोर जाऊन उभी राहिले तरी शेपटापुढे तो ‘मजेत’च म्हणेल.

तुझं ऐकतो. तुला नाही म्हटलेलं मी त्याला कधी पाहिलं नाही. पण तुझा फोन म्हणजे तू ‘बरं बरं, जेवलास का, ठेवते’ म्हणून बंद करतेस, ऐकतेस कुठे. म्हणून हे पत्र. आमच्या लाँड्रीच्या गाडीचा ड्रायव्हर उद्या तुमच्या बाजूला येणार आहे, त्याच्या हातात देते, तो तुझ्या दारात आणून देईल. त्याला चहा दे. वाचून दाखवायला खालच्या मजल्यावरचं कुणीतरी मिळेलच.

एक विचारू? लहानपणी तू स्वयंपाक करता करता मधेच ओट्याची कड दोन्ही हातांनी धरून उभी राहायचीस. आम्ही भूक भूक करायचो तर म्हणायचीस, ‘थांबा रे, जरा ओटा पुसतेय.’ फडकं तर खिळ्याला टांगलेलं असायचं. मला कालपासून ते सारखं दिसतंय. आईमागे दोन पोरं तुझ्या गळ्यात पडली, आणि आम्ही तुझ्या तोंडून कधी ‘हुश्श’सुद्धा ऐकलं नाही. तुलाही होत होतं का गं? तुझं टोक कुणी धरलं होतं? उत्तर नको देऊस. भेटलो की माझा हात धर फक्त.

भोपळी उठली. मला बघून हसतेय, तोंडात दुपट्याचं टोक. माझे हात आत्ता थरथरताहेत, अक्षर बघून कळत असेल. पण या वेळी मीही घाबरलेय. एका अर्थी बरं वाटतंय, दोघी एकदाच्या एका वेळी घाबरलो, मी आणि माझं अंग.

तुझी
शेपूट

आता हे तुम्हाला, जे कोणी वाचताय त्यांना. मी तुम्हाला ओळखत नाही. मावशीला पुढचं वाचून दाखवा किंवा नका दाखवू, पण आधी एवढं करा. माझ्या दादाचा नंबर मागच्या पानावर मोठ्या आकड्यांत लिहिलाय. मावशीला शेजारी बसवा आणि त्याला फोन लावा. सोमवारच्या आत. उद्यावर टाकू नका. म्हणा, मावशीनं बोलावलंय, आज निघ, खुर्ची राहू दे. तो हसेल. हसू द्या, ठेवू नका. म्हणेल सगळं मजेत. तरी ठेवू नका. मग म्हणा, शेपटानं निरोप दिलाय, भोपळीचं दुपटं कोरडं होतं. मग तो गप्प होईल. तो गप्प आहे तोवर तुम्हीही गप्प राहा, पण फोन कानाला धरून ठेवा. तुम्ही ते टोक सोडू नका. तो ‘आलं’ म्हणेपर्यंत.